मिश्री आणि बाईंचे डोळे

बाईंचा पदर गिरणीच्या पट्ट्यात गेला तेव्हा मी ज्वारीचा डबा ओतत होते. बटण हाताशी होतं म्हणून भागलं. पट्टा थांबला. पदराचा तुकडा त्याला गुंडाळलेला, आणि बाई खांबाला टेकून उभ्या. मी आधी त्यांना चाचपून बघितलं. मान, खांदा, हात, सगळं जागच्या जागी होतं. मग मात्र माझं डोस्कं फिरलं.

“दिसंना तर तिकडं कावून गेल्ता? मरायचंय का? मरायचं आसंल तर हिरीत उडी टाका, माझ्या गिरणीत नको!”

दळणाला आलेल्या बायांसमोर मी असं बोलले. बाईंनी पदर सोडवून घेतला, दम खाल्ला आणि म्हणाल्या, “तुझी गिरणी? कवापासून गं तुझी?” म्हणजे बाई ठीक होत्या.

बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. युसूफ वडगावात आमची पिठाची गिरणी आहे, सासऱ्यांच्या काळापासूनची. दोन भावांच्या आम्ही दोघी बायका. दोघींचेही मालक गेले, पोरं पुण्याला कंपनीत लागली, लेकी आपापल्या घरी. मागं राहिलो आम्ही दोघी, एक गिरणी आणि एक चूल. भांडायला तरी कुणी पाहिजे म्हणून एकत्र राहतो, असं मी गावाला सांगते. खरं असं आहे, की बाई नसतील तर त्या घरात मला झोप लागायची नाही. पण हे त्यांच्या तोंडावर कोण सांगणार? डोक्यावर बसतील.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकून पार दुधासारखे पांढरे झालेले. गिरणी हे डोळस माणसाचं काम आहे, पट्टा फिरायला लागला की कानांवर भागत नाही. त्या दिवसापासून मी त्यांना आत येऊ देईना. त्या बाहेर ओट्यावर बसायच्या, आलेल्या बायांचे डबे हातानं चाचपायच्या, कुणाचा कुठला ते बरोबर ओळखायच्या आणि म्हणायच्या, “आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय. कुत्रं म्हंजी आमची धाकटी जाऊ.” बाया हसायच्या, मीही हसायचे, पण आत कुठंतरी तुटायचं. लग्न होऊन आल्यापासून या बाईनं अख्ख्या गावाचं पीठ केलंय. पीठ जाडं पडतंय का हे त्या नळीखाली तळहात धरून सांगायच्या आणि मला कधीच तसं जमलं नाही. ऑपरेशन झालं तर बाई गिरणीत परत येणार होत्या, नाही झालं तर ओट्यावरच बसणार होत्या.

आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे काय हो, सगळं जग करतं. शेजारची म्हातारी सकाळी गेली आणि दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून मिरवत आली. आमचं घोडं अडलं ते बीपीपाशी.

डोळ्यांच्या पहिल्या शिबिराला मी बाईंना केजला घेऊन गेले. साखरही तपासायचीय, उपाशी पोटी या, असं सांगितलेलं. बाई उपासाच्या पक्क्या. चहा नाही, पाण्याचा घोट नाही. जीपमध्ये कुणीतरी शेंगदाणे पुढं केले तर हात आखडून बसल्या. केजला पोचलो तर रांग रस्त्यापर्यंत आलेली. ऊन चढायला लागलं, रांग काही हलेना, आणि मग बायांनी हळूहळू कमरेच्या पिशव्या सोडल्या. मिश्रीच्या डब्या फिरायला लागल्या.

मिश्री आमच्याकडं घरोघरी. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी बोटानं दातांना हिरड्यांना घासायची आणि तोंडात धरून बसायचं. दात घट्ट राहतात म्हणे. पोट साफ होतं म्हणे. माझं विचाराल तर डोकं जरा हलकं होतं आणि घडीभर टेकायला मिळतं, बाईमाणसाला कुणी टोकत नाही ते तेवढंच. आम्ही दोघी सकाळी लाइट यायच्या आधी गिरणीच्या पायरीवर बसून मिश्री लावायचो. तेवढा वेळ आमचं भांडण नसायचं, कारण दोघींची तोंडं भरलेली.

तर रांगेत बाईंनी लावली. रांग हलेना म्हणून परत लावली. आत गेल्यावर सिस्टरनं दंडाला फडकं गुंडाळलं, फुगवलं, आकडा बघितला, परत फुगवलं. आकडा मला कळला नाही, पण सिस्टरचा चेहरा कळला.

“आजी, काही खाल्लं का सकाळपासून?”

“शिवशिव! पान्याचा थेंब न्हाई तोंडात,” बाई म्हणाल्या. आणि ते खरंच होतं. मिश्री काय खायची वस्तू आहे का? तंबाखूनं बीपी चढतं हे माझ्याही डोक्यात आलं नाही, मग त्यांच्या कुठून यावं? बीपी एवढं असताना डोळ्याला हात लावता येत नाही, गोळ्या चालू करा आणि पुढच्या वेळी या, असं सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवलं. पुढच्या वेळीही तेच. तीच रांग, तोच उपास, तीच डबी, तोच आकडा. परतीच्या जीपमध्ये मला बोलायचंही त्राण नव्हतं. बाईंना होतं. त्या सगळी वाट त्या सिस्टरला नावं ठेवत होत्या.

गोळ्या दिल्या होत्या की. पण बाई डोकं दुखलं तर घ्यायच्या, नाही दुखलं तर नाही. सोमवारी महादेवाचा उपास, म्हणून सोमवारी गोळीला सुट्टी. मी ओरडले तर म्हणायच्या, “रोज घेतल्यावर सवय लागंल की गं गोळीची.” हे कुठं, तर तोंडात मिश्री धरून. कपाळावर हात मारून घ्यायचा, दुसरं काय!

त्यात दात. बाईंच्या हिरड्या किती वर्षं सुजलेल्या होत्या ते महादेवालाच ठाऊक. लाल, फुगलेल्या, बोट लावलं की रक्त. दोन-तीन दाढा तर नुसत्या हलत उभ्या होत्या. ठणका लागला की बाई त्याच जागी चिमूटभर जास्त मिश्री दाबायच्या. तंबाखूनं घडीभर बधिर होतं. “बधिर झालं म्हंजी गुण यायलाय,” असं त्यांचं शास्त्र. तेवढ्यानं भागलं नाही तर मेडिकलमधून दुखण्याची गोळी. बीपीची गोळी नको, सवय लागते, पण ही गोळी मात्र शेंगदाण्यासारखी खायच्या.

शेवटी मी त्यांना केजच्या एका डॉक्टरीणबाईंकडं ओढत नेलं. वयानं आमच्या लेकीएवढ्या. त्यांनी बीपी बघितलं, गोळ्यांचं विचारलं, आणि एकदम म्हणाल्या, “मावशी, आ करा.”

“डोळ्याचं दाखवायला आलाव आमी, तोंडाचं न्हाई,” बाई म्हणाल्या.

“तरी करा.”

त्यांनी बॅटरी लावून बराच वेळ बघितलं. मग खुर्ची माझ्याकडं वळवून सांगायला लागल्या. ही सूज हिरडीपुरती राहत नाही, म्हणाल्या. अंगात कुठंही अशी जुनी सूज धुमसत राहिली की तिचं विष रक्तात उतरतं आणि सगळीकडं फिरतं. रक्ताच्या नळ्या त्यानं आतून दुखावतात, ताठ होतात. ताठ नळीतून रक्त ढकलायचं म्हणजे जोर लागतो, तोच हा बीपी. “एकट्या हिरड्यांनी हे केलंय असं मी म्हणत नाही. वय आहे, खारट खाणं आहे, मिश्री आहे. आणि या दुखण्याच्या गोळ्या, त्यासुद्धा बीपी चढवतात. पण ही आग आत चालू असेल तर माझ्या गोळ्या पुऱ्या पडायच्या नाहीत. आधी ते दात काढून घ्या.”

बाहेर आल्याबरोबर बाई म्हणाल्या, “सूज तोंडात, दाब दंडात, आन् आपरेशन डोळ्याचं. लेकरू शिकून येडं झालंय.”

मला मात्र पटलं. चुलीत निखारा दडलेला असला की वरून कितीही राख ओढा, भांडं तापतच राहतं. एवढं कळायला डॉक्टर कशाला व्हावं लागतंय.

तर दाताच्या दवाखान्यात गेलो, पलीकडच्याच गल्लीत. दाताच्या डॉक्टरांनी बीपी मोजलं आणि हातातलं सगळं खाली ठेवलं. “एवढ्या बीपीत दाढ काढली तर रक्त थांबायचं नाही. आधी बीपी खाली आणा, मग काढू.”

मी त्या दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि हसायला लागले. बाई म्हणाल्या, “काय झालं गं? कावून हसायलीस?” हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सकाळी निघालेलो, पोटात काही नाही, गुडघे बोलायला लागलेले, गिरणी दिवसभर बंद, आणि आमची वरात या दारातून त्या दारात. मग मी उठले, पदर खोचला, बाईंचा हात धरला आणि परत त्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत घुसले. आत एक पेशंट होता, तो घाबरून उभा राहिला.

“म्याडम, दाताचे म्हणतेत आधी बीपी. तुमी म्हणता आधी दात. डोळ्याचे म्हणतेत बीपी उतरवून या. आमी कुणाच्या दारात मरायचं ते तिघं मिळून ठरवा आन् एकदाच सांगा. फोन लावा त्यांना. आत्ता लावा, माझ्या म्होरं.”

मला वाटलं आता हाकलतात. पण त्यांनी खरंच दाताच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघं काय बोलले ते निम्मं इंग्रजीत होतं, पण शेवटी ठरलं ते असं. मिश्री बंद. दुखण्याच्या गोळ्या बंद. बीपीची गोळी रोज, दुखो न दुखो. दाताच्या डॉक्टरांनी आधी नुसत्या हिरड्या साफ करायच्या, औषध द्यायचं, सूज उतरवायची. बीपी जरा खाली आलं की एकेक दाढ काढायची.

परतीच्या जीपमध्ये बसलो. गाव जवळ आल्यावर बाई म्हणाल्या, “तू सोडशील तर मी सोडीन.”

“माझ्या हिरड्यांना काय धाड भरलीय?”

“मग न्हाई सोडीत.”

घ्या! दुखणं त्यांचं आणि पथ्य मला. पण काय करता? दोघींच्या डब्या मी उकिरड्यावर रिकाम्या केल्या. आणि मग जे दिवस आले ते वैऱ्यावरही येऊ नयेत. माझं डोकं सकाळपासून घणाचे घाव घातल्यासारखं. बाईंचं पोट साफ होईना, त्यामुळं सगळ्या गावावर राग. पायरीवर बसायचं ते बसायचो, पण आता तोंडं मोकळी, म्हणून तिथंही भांडण. तवा कुणी घासला नाही, पाणी कुणी सांडलं, माझ्या लग्नात त्यांच्या माहेरच्यांना ताट उशिरा वाढलं, काय काय निघायला लागलं! त्यांना वाटायचं मी लपूनछपून लावते, मला वाटायचं त्या लावतात. एकमेकींच्या तोंडाचा वास घेत फिरायचो आम्ही, या वयात. एका सोमवारी त्यांनी गोळी बाजूला सारली तेव्हा मी पाण्याचा तांब्या आपटला. “महादेवानं इख पचवलं, त्याला तुमची एक गोळी जड व्हती का? गिळा!” बाई गळ्यातल्या लिंगाला हात लावून पुटपुटल्या आणि गिळली. पुढं सोमवारचं कधी निघालं नाही.

सूज उतरली. खरंच उतरली. हिरड्यांचा तो लाल भडकपणा जाऊन चारचौघींसारख्या दिसायला लागल्या, रक्त येईना. बीपीही थोडं थोडं उतरायला लागलं. मग दाढा काढल्या, एक काढायची, थांबायचं, दुसरी काढायची. केजच्या फेऱ्या मोजायच्या मी सोडून दिल्या होत्या. बाईंचे गाल आत गेले, भाकरी दुधात कुस्करून खायला लागल्या. “दात गेले, मिश्री गेली, आता डोळे आले न्हाईत तर तुझं काय करू बघ,” म्हणायच्या. पण त्यांच्या आवाजात उमेद होती. अंधूकशी का असेना, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मलाही उमेद वाटायला लागली होती. डॉक्टरीणबाईंनी एक दिवस फडकं सोडलं, हसल्या आणि म्हणाल्या, “जा, आता डोळ्याचं करून या.”

अंबाजोगाईला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. वेळ लागला नाही. वर्षं गेली होती ती तिथपर्यंत पोचण्यात. सकाळी पट्टी काढली, डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून बघितलं, बोटं दाखवली, परत बघितलं. मग जाडजूड भिंग घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. एवढा वेळ कुणी चांगल्या बातमीसाठी बघत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

मला बाहेर बोलावून त्यांनी सांगितलं. मोतीबिंदू छान निघालाय. पण मागच्या पडद्याला मार बसलाय. बीपीमुळं तिथली शीर कधीतरी तुंबली, रक्त उतरलं, आणि ते जुनं आहे. मोती इतका पिकलेला होता की तो निघेपर्यंत मागचं काही दिसायलाच मार्ग नव्हता. कडेकडेचं दिसेल, चालता-फिरता येईल. मधोमधची नजर परत यायची नाही. दुसऱ्या डोळ्याचंही पुढं बघू, पण तिथंही असंच असू शकतं.

“पहिल्या शिबिरालाच झालं आसतं तर?” मी विचारलं.

“तेव्हा पडदा कसा होता ते आता कोण सांगणार?” ते म्हणाले. चांगला माणूस होता, खोटं बोलला नाही.

मी त्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिले. रडू येईना. राग कुणावर काढावा तेच कळेना. रांगेवर काढू, मिश्रीच्या डब्यांवर काढू, शेंगदाण्यासारख्या खाल्लेल्या गोळ्यांवर काढू, का वर्षानुवर्षं तोंडात सूज घेऊन हसत बसणाऱ्या बाईंवर काढू? राग काढायलाही अंगात बळ लागतं, ते माझ्यात राहिलं नव्हतं. आम्ही सगळं केलं हो. सांगितलं तसं केलं. फक्त केलं तेव्हा दुखणं पुढं निघून गेलं होतं.

आत गेले तर बाई खाटेवर बसलेल्या.

“कोण? तूच का? सरक की जरा.”

“म्होरंच तर हाय तुमच्या.”

“म्होरं न्हाई दिसत. म्होरं धूर हाय.” त्यांनी मान हळूहळू खिडकीकडं वळवली, थोडी परत आणली, आणि एका जागी थांबवली. आता त्यांचा डोळा भिंतीवर होता, माझ्या खांद्यापासून हातभर लांब. “हां. आता दिसलीस. आसं तिरपं बघितलं की दिसतीस तू.” जरा वेळ तशाच बघत राहिल्या. “अगं माय, लई म्हातारी झालीस गं. कवा झालीस?”

मी त्यांच्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

“काय म्हन्ले डाक्टर? गिरणीत येता येईल न्हवं मला? पट्टा दिसंल का?”

“दिसंल की,” मी म्हणाले. “न दिसायला काय झालं?”

“खोटं बोलू नको,” बाई भिंतीकडं बघत म्हणाल्या. “तुझं तोंड दिसायलंय मला.”